महाविद्यालयातील पहिले पाठ

धारवाडहून बेळगावकडे जाताना पुणे-बंगळूर महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. याच परिसरात कर्नाटक शासनाच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे 'वाल्मी'चे, आवार आहे. याच नावाची संस्था महाराष्ट्रात १९८० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाली, त्यामुळे हे नाव आपल्याकडील शेतकऱ्यांनाही परिचित आहे. बेलूरच्या या आवारात २०१६ साली धारवाडच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे वर्ग प्रथम भरले. संगणक, विद्युत व यंत्र अशा तीन शाखांनी आरंभ झाला आणि मार्गदर्शनाची जबाबदारी मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली. धारवाडला मुंबईचा हा आधार नवा नव्हे. १९१७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी कर्नाटक विद्यापीठ अस्तित्वात येईपर्यंत मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत असत. तंत्रज्ञान संस्थेच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झाले.

अशा संस्थेत किंवा कोणत्याही महाविद्यालयात पहिल्या वर्षी नेमके काय शिकवितात, याविषयी खेड्यातील पालकांच्या मनात पुष्कळदा अस्पष्ट कल्पना असते. मुलगा 'इलेक्ट्रॉनिक्स' घेतो म्हणजे रेडिओ दुरुस्त करावयास शिकतो, आणि अर्थशास्त्र म्हणजे जमाखर्च, असा समज सर्वत्र आढळतो.

अर्थशास्त्राच्या प्रवेश पाठ्यक्रमातील एक मूलभूत कल्पना 'संधी खर्च' ही होय. एका गोष्टीची निवड केली असता जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, तिचे मोल म्हणजे संधी खर्च. समजा, एखाद्या शेतमजूर कुटुंबातील मुलगी बारावीनंतर दोन वर्षांच्या प्राथमिक शिक्षण पदविकेला जाते. मजुरी दररोज ३०० रुपये व वर्षातून काम २०० दिवस असे धरल्यास, दोन वर्षांत १,२०,००० रुपयांची मजुरी बुडते. शुल्क पूर्ण माफ झाले तरी ही रक्कम माफ होत नाही. शिष्यवृत्ती असूनही मुले शिक्षण का सोडतात, याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे. शिक्षण फुकट केले म्हणजे कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी तो अवश्य करून पाहावा.

इलेक्ट्रॉनिक्सचा आरंभ ओहमच्या नियमाने होतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक छोटा प्रकाशदिवा, म्हणजे एलईडी, लावावयाचा आहे. तांबडा दिवा सुमारे २ व्होल्ट घेतो आणि त्यास २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, प्रवाह पुरतो. उरलेले ७ व्होल्ट रोधकावर पडले पाहिजेत. ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम. रोधक न लावता दिवा थेट जोडला तर तो क्षणात जळतो. हा प्रयोग अल्प खर्चात कोणत्याही माध्यमिक शाळेत होऊ शकतो, आणि जळालेला एक दिवा जे शिकवितो ते फळ्यावरचे सूत्र क्वचितच शिकविते. पुढे येतो ट्रान्झिस्टर. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो प्रथम सिद्ध झाला. कालव्याचे दार हाताच्या थोड्या बळाने वरखाली करून पाण्याचा मोठा प्रवाह रोखता वा सोडता येतो. ट्रान्झिस्टरमध्येही अल्प विद्युतप्रवाहाने मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण होते. ध्वनिवर्धक व संगणक याच तत्त्वावर उभे आहेत.

तिसरा विषय प्राथमिक अध्यापनाचा. तो सर्वांत सोपा समजला जातो, आणि येथेच मोठी चूक होते. पहिली-दुसरीतील मूल 'एकशे पाच' ही संख्या १००५ अशी लिहिते. ऐकले तसे त्याने लिहिले. त्याला स्थानिक किंमत उमगलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुलेही असतात, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो व दशक नंतर. धारवाडच्या कन्नड शाळेत हीच संख्या 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस व मग पाच, अशी उच्चारतात. बोलणे व लिहिणे यांचा क्रम तेथे एकच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' या धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या पद्धतीचे समर्थन केले. त्या वादात कोणाचीही बाजू घ्यावी, परंतु मूल कोठे अडते हे ओळखण्याची विद्या अध्यापन पदविकेच्या पहिल्या वर्षातच मिळावयास हवी.

या तिन्ही विषयांत ग्रामीण विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची नसून भाषेची असते. तंत्रज्ञान संस्थांकडे नेणारी जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठी व कन्नडसह १३ भाषांत देता येते. त्यानंतरची प्रगत परीक्षा मात्र इंग्रजी व हिंदीतच होते आणि वर्गातील अध्यापन इंग्रजीत चालते. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास महाविद्यालयांना अनुमती दिली असून पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांची भाषांतरेही करविली आहेत. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी 'रोधक' म्हणजे रेझिस्टर, 'मागणी' म्हणजे डिमांड असे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्याचा प्रघात ठेवला, तर पहिल्या सत्रातील निम्मे भय तेथेच ओसरेल.