इंदूरचे खड्डे आणि बिअरचं विरजण

घरी बिअर आंबवणाऱ्यापुढे खरे प्रश्न दोनच असतात. विरजण जिवंत आणि जोमात आहे का, आणि त्याला हवा केव्हा द्यायची, केव्हा तोडायची. मॉल्ट, हॉप्स, बाटल्या हे सगळं पैसे टाकले की मिळतं. याच दोन प्रश्नांवर इंदूरमध्ये शंभर वर्षांपासून काम चाललंय. फक्त ते बिअरवर नाही, कचऱ्यावर झालं. पण ज्यानं ते सुरू केलं, तो माणूस मात्र बिअरच्याच मळ्यातून आलेला होता.

अल्बर्ट हॉवर्ड 1903 ते 1905 या काळात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, वाय इथल्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. काम हॉप्सवर. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या या वेलीत नर वेगळा, मादी वेगळी. कामाची ती मादीची फुलं, म्हणून मळेवाल्यांनी नर वेली बिनकामाच्या ठरवून उपटून टाकल्या होत्या. परागण झालं तर फुलं लवकर तयार होतात आणि मावा-भुरीपुढे अधिक तग धरतात, हे हॉवर्डनी दाखवून दिलं. त्याआधी ते बार्बाडोसला बुरशीतज्ज्ञ होते. नंतर बिहारात पुसाला जवळजवळ दोन दशकं काढून 1924 मध्ये ते इंदूरला आले. कापूस समितीचा पैसा आणि होळकर संस्थानातली 300 एकर जमीन यांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. आजचं इंदूरचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे.

तिथे रसायनशास्त्राचं काम यशवंत वाड यांच्याकडे होतं. कचऱ्यापासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ म्हटली की सगळे हॉवर्डचं नाव घेतात. पण 1931 मध्ये ऑक्सफर्डने छापलेल्या मूळ पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. खतात कर्बाचं नत्राशी प्रमाण सुरुवातीला 33 ला 1 असावं आणि शेवटी 10 ला 1 वर यावं, हा हिशेब प्रयोगशाळेशिवाय बसत नाही. वाडांचं नाव मागे पडलं ते मला कधीच पटलेलं नाही.

खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद. त्यात पिकांचा पालापाचोळा, गोठ्यातलं अंथरूण, शेण, मुताची माती आणि राख. खरी गंमत विरजणाची. शेण, राख आणि मुताची माती पाण्यात कालवून जी रबडी शिंपायची, तिच्यात दहा-पंधरा दिवसांपूर्वी भरलेल्या खड्ड्यातला बुरशीनं माखलेला माल मिसळायचा. तयार, शांत झालेलं खत नाही. बुरशी ऐन भरात असलेलं. घरी बिअर करणारा हे वाचून मान डोलावेल. तोही लिटरभर पाण्यात साधारण 100 ग्रॅम मॉल्टचा अर्क उकळून गार करतो, त्यात यीस्ट वाढवतो आणि त्याच्यावर फेसाचा डोंगर चढलेला असतानाच मोठ्या भांड्यात ओततो. आधीच्या घाण्याच्या तळाशी बसलेला गाळही चालतो, पण तो ताजा हवा. महिनाभर फ्रीजमध्ये पडलेला गाळ उठायला इतका वेळ लावतो, की तेवढ्यात भलतेच जंतू आंबवणावर कब्जा करतात.

एक फरक मात्र मोठा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी 1883 मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला, आणि तेव्हापासून बिअरवाल्यांना एकाच वाणाची शिस्त लागली. इंदूरच्या खड्ड्यात सगळी जमातच हवी होती: आधी बुरश्या, मग जिवाणू. अलीराजपूरकडची भिलांची ताडी या दोहोंच्या अधेमधे कुठेतरी बसते. तिथे विरजण घालावंच लागत नाही. हवेतलं आणि मडक्याला चिकटलेलं यीस्ट रस उतरत असतानाच कामाला लागतं.

दुसरा प्रश्न हवेचा. हॉवर्ड-वाडांनी खड्डा तीनदा उलटायला सांगितला: पहिल्यांदा पंधरवड्याच्या आसपास, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला 65 अंशांपर्यंत चढलेलं तापमान तोवर तिशीत येतं. मध्येच घाण वास आला किंवा माश्या झाल्या, तर हवा कोंडली असं समजून लगेच उलटायचं. बिअरमध्ये हवा लागते ती फक्त सुरुवातीला. पेशीचं आवरण बांधायला यीस्टला प्राणवायू हवा असतो, म्हणून गार झालेला मॉल्टचा काढा आधी चांगला घुसळायचा, मग विरजण घालायचं. एकदा फसफसायला लागलं की झाकण घट्ट. वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही, अशी नळी लावायची. त्यानंतर आत शिरलेली हवा बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणते.

आणि तापमान. एल जातीच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. पारा तिशीकडे गेला की जड अल्कोहोलं तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या, पण एप्रिल-मेच्या दुपारी त्या कीर्तीचा उपयोग नाही. मग भांडं पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्यावर ओलं गोणपाट गुंडाळायचं, वरून पंखा, रात्री बर्फाच्या बाटल्या. डिसेंबर-जानेवारीत हा खटाटोप लागत नाही. (परवान्याशिवाय घरी बिअर करणं अबकारी कायद्यात बसत नाही, हे इथेच सांगून मोकळा होतो.)

1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी हे खड्डे पाहिले. पद्धत पुढे चहाच्या मळ्यांपासून आफ्रिकेपर्यंत गेली. उलटण्याची मजुरी मात्र शेतकऱ्याला परवडेना. त्यावर तोड काढली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांची टाकी आणि भिंतीत मुद्दाम सोडलेली भोकं. हवा आपोआप आत, उलटणं बंद. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ झालेली ही टाकी मध्य प्रदेशातल्या खेड्याखेड्यांत दिसते. हॉवर्ड-वाडांच्या कामाचा हा मला सर्वांत हुशार पुढचा टप्पा वाटतो, कारण यात यंत्र नाही आणि नवा खर्चही फारसा नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये इंदूरनं हवेचा प्रश्न उलटा सोडवला. देवगुराडियाच्या कचरा डेपोवर रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. इथे टाक्या हवाबंद. मिथेन करणाऱ्या जंतूंना प्राणवायू म्हणजे विष. विरजणाचा नियम मात्र तोच. अशी टाकी सुरू करायची तर शेणाची रबडी किंवा दुसऱ्या चालू टाकीतला ताजा गाळ घालावा लागतो आणि कचरा हळूहळू वाढवावा लागतो. घाई केली की आम्ल साचून सगळं थंडावतं. या जंतूंना साधारण 35 ते 37 अंश हवे असतात. बिअरच्या यीस्टची दाणादाण उडवणारा इंदूरचा मे महिना त्यांना छान मानवतो.