विमानाला हवी पहाट, शरीराला हवी झोप

लोणावळ्याहून आंबवण्याकडे जाताना कोरीगड लागतो. गडाच्या तटावर उभे राहिले की खाली अ‍ॅम्बी व्हॅलीची वसाहत, तिथली तळी आणि खासगी धावपट्टी दिसते. तोच रस्ता पुढे तैलबैल्याच्या कातळभिंती आणि घनगडाच्या बाजूने ताम्हिणीकडे उतरतो. वळणे, चढउतार, मधूनच उखडलेला रस्ता, पावसाळा सरला की धूळ. माउंटन बाइकवाल्यांना याहून वेगळे काय हवे असते? संध्याकाळी मुळशी धरणाच्या काठी तंबू ठोकायचा, ही तर आता पुणेकरांच्या शनिवारची नेहमीची गोष्ट झाली आहे. सायकल आहे, तंबू आहे आणि त्याच टापूत धावपट्टीही आहे. या तिन्हींची गाठ घालण्याची कल्पना एखाद्याच्या डोक्यात आली, तर नवल वाटायला नको.

अमेरिकेत हा छंद चांगला रुजला आहे. आयडाहो राज्यातल्या डोंगरांमध्ये जॉन्सन क्रीकसारख्या गवताच्या धावपट्ट्या आहेत. चार आसनी विमान उतरवायचे, पंखाशेजारी तंबू लावायचा, मागच्या सीटवरची सायकल काढून दिवसभर रानवाटा तुडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायचे. विमान आणि सायकल यांची सोयरीक तशी जुनीच. राइट बंधूंचे डेटन गावात सायकलींचे दुकान होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडीची सायकल बनवली होती. आपल्याकडे उड्डाणाचे परवाने, हवाई हद्दीच्या परवानग्या आणि धावपट्टीच्या मालकाची संमती या साऱ्यातून जावे लागते, त्यामुळे असे प्रवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. मात्र खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षापासून आणि किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. हौस असणाऱ्यांना अशक्य असे त्यात काही नाही.

अडचण वेगळीच आहे. छोट्या विमानाला उडण्यासाठी जी वेळ सर्वांत चांगली, नेमकी तीच वेळ आदल्या दिवशी घाटात सायकल हाणून तंबूत झोपलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत वाईट असते.

आधी विमानाचे बघू. पंखांना उचल मिळते ती हवेमुळे, आणि हवा तापली की विरळ होते. वैमानिक याचा हिशेब एका कल्पित उंचीत करतात. आजची हवा किती उंचीवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ आहे, हा तो प्रश्न. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर आहे. एप्रिलमध्ये पहाटे २२ अंश तापमान असेल, तर तिथली हवा साधारण हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी वागते. त्याच दिवशी दुपारी पारा ३८ अंशांवर गेला, की ही कल्पित उंची साडेपंधराशे मीटरच्या पुढे जाते. म्हणजे धावपट्टी होती तिथेच आहे, पण इंजिन आणि पंख यांच्या दृष्टीने ती जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसली! अशा हवेत विमानाला जमीन सोडण्यासाठी लागणारे अंतर समुद्रसपाटीवरच्या थंड दिवसाच्या तुलनेत ढोबळ हिशेबाने दीडपटीहून जास्त होते आणि वर चढण्याचा वेगही मंदावतो.

त्यात सामान. सेसना १७२ हे जगभरातल्या उड्डाण प्रशिक्षणाचे नेहमीचे विमान. त्याच्या नव्या प्रकाराचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ११५७ किलो असते आणि सामानकप्प्याची मर्यादा जेमतेम ५४ किलो. दोन माउंटन बाइक २८-३० किलोंच्या, शिवाय तंबू, पथाऱ्या, पाणी, भांडी. वजन मर्यादेत बसले तरी ते ठेवले कुठे, हेही महत्त्वाचे. सायकली सहसा मागे जातात, आणि तोल मागे सरकला की विमान सांभाळणे अवघड होते. वेग कमी होऊन पंखांची उचल संपली, तर नाक खाली करून सावरणे कठीण जाते. टायरमधली हवा काढायची का, हा प्रश्न मात्र उगाच भेडसावतो. दोन हजार मीटर उंचीवर टायरमधला दाब बाहेरच्या तुलनेत जेमतेम तीन पीएसआयने वाढतो. चांगल्या टायरला त्याचे काही नाही. चुलीचा गॅस कॅनिस्टर आणि विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी, काळजी करायची तर त्यांची.

तिसरी बाब सह्याद्रीच्या वाऱ्याची. कोकणातून येणारा वारा कड्यांवर आपटून वर चढतो आणि माथा ओलांडला की पूर्वेकडच्या उतारावर खाली कोसळतो, भोवरे घेतो. डोंगराच्या या आडोशाच्या बाजूला छोटे विमान अनपेक्षितपणे खाली खेचले जाऊ शकते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या कातळांवरून गरम हवेचे लोट उठतात. घारींना आणि कामशेतच्या पॅराग्लायडरवाल्यांना त्यांचा उपयोग होतो, पण जड सामान घेऊन निघालेल्या विमानाला ते हादरवून सोडतात. थंड, दाट आणि शांत हवा हवी तर उजाडता उजाडता निघावे, असे अनुभवी वैमानिक सांगतात ते यासाठी.

उजाडता निघायचे म्हणजे पाचच्या आधी उठायचे. आणि इथे शरीराची बाजू सुरू होते.

आदल्या दिवशी चार-पाच तास चढउतारावर सायकल चालवलेली. उन्हात जोरात पेडल मारणाऱ्या माणसाचा घाम तासाला अर्धा ते दीड लिटर जाऊ शकतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे ७० किलोच्या माणसात साधारण दीड लिटर, की लक्ष देण्याची क्षमता घसरू लागते. तहानेवर विसंबून ही तूट नेहमी भरून निघत नाही. साधा उपाय वजनकाट्याचा: निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करायचे, जितके किलो कमी तितके लिटर पाणी गेले. नुसते पाणी घटाघट पिणेही बरे नाही, रक्तातले सोडियम पातळ होते. मीठ घातलेले लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक ही आपली जुनी पेये इथे उपयोगी पडतात.

मग रात्र. अनोळखी जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्यामागचे कारण दाखवले. पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो आणि आवाजांची चाहूल घेत राहतो, जणू घरातले कुणीतरी राखणीला जागे आहे. धरणकाठच्या तंबूत तर वाऱ्याने कापड फडफडते, कुत्री भुंकतात, शेजारच्या कॅम्पमध्ये स्पीकर सुरू असतो. शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही पहाटे तीन ते पाचच्या सुमारास तळाला असतात; त्यात गजराने झोप मोडली की पुढचा अर्धा तास डोके जड राहते. झोपेच्या तुटीचे माप १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडले होते. सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली होती. भारतात वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. पण थकव्यासाठी ब्रेथ अ‍ॅनालायझर नसतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत मुळशीच्या काठावर कडाक्याची थंडी पडते. जेवण झाल्यावर बार्बेक्यूची शेगडी निखाऱ्यांसकट तंबूत नेणारे काही जण असतात. ज्वाळा नाही, धूर नाही, म्हणजे धोका नाही असा समज. खरे तर धुमसत्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू भरपूर बाहेर पडतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि माणूस म्हणतो, “काल उन्हात जास्त झालं” किंवा “चिकन बाधलं.” झोपेत असेल तर काहीच म्हणत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे ८ पर्यटक दगावले. त्यात मुलेही होती. ती तर पक्की खोली होती, तंबूची हवा त्याहून कितीतरी थोडी. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली, तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हाच वायू छोट्या विमानातही गाठू शकतो. एक इंजिनाच्या बऱ्याच विमानांत कॉकपिट उबदार करण्यासाठी एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीची गरम हवा आत घेतात. नळीला बारीक चीर गेली, तर उबेबरोबर विषही आत येते. जानेवारी २०१९ मध्ये अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन फ्रान्समधल्या नॉन्तहून कार्डिफला निघालेले छोटे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापले होते. वैमानिकालाही विषबाधा झाली असणार, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

सर्वांत कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे हा वायू रक्तातून सावकाश जातो. साध्या हवेत श्वास घेतला, तर त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तास-दीड तास. रात्री दोनपर्यंत शेगडीशेजारी झोपलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सहाला त्यातला निम्मा वायू शिल्लक असतो. तोच माणूस विमान घेऊन वर गेला, की विरळ हवेतल्या ऑक्सिजनच्या तुटवड्याची त्यात भर. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. बोटाला लावायचे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. आकडा ९८ दाखवत राहतो आणि माणूस गुदमरत असतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म तंबूत चालतो, विमानातही. सायकलच्या महागड्या हेल्मेटवर खर्च करणाऱ्याला त्याची किंमत जड वाटू नये. शेगडी मात्र बाहेरच ठेवायची, निखारे पूर्ण विझवून. उबेसाठी जाड पथारी, लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे.

गोळ्यांचेही असेच. गवताने शिंका येतात, धुळीने नाक वाहते, म्हणून सर्दीची गोळी घेतली जाते. आपल्याकडच्या अशा अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे झोप आणणारे औषध असते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये प्राणघातक अपघातांत सापडलेल्या वैमानिकांच्या चाचण्यांचा अभ्यास केला, तेव्हा गुंगी आणू शकणाऱ्या औषधांत सर्वाधिक वेळा आढळले ते डायफेनहायड्रामिन, म्हणजे याच जातीचे अ‍ॅलर्जीवरचे साधे औषध. शिवाय नाक चोंदलेले असताना उतरताना कानाचा पडदा आत ओढला जातो आणि असह्य कळ येते. मद्याबाबत भारतीय नियम स्पष्ट आहे: उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत एक घोटही नाही आणि रक्तात शून्य. शेकोटीभोवती रात्री अकराला घेतलेला शेवटचा पेग सकाळी सहाचे उड्डाण रद्द करतो.

म्हणून वैमानिकांना विमानाआधी स्वतःची तपासणी करायला शिकवतात. आजारी आहे का, कोणते औषध घेतले आहे, मनावर ताण आहे का, मद्य घेतले होते का, थकवा किती आहे, पोटात काही गेले आहे का. यातल्या एकाही उत्तरावर शंका आली, तर उड्डाण पुढे ढकलायचे. ज्यांच्याकडे विमान नाही, ते रविवारी सकाळी तंबू गुंडाळून, सायकली गाडीच्या कॅरियरवर चढवून पौडच्या रस्त्याने किंवा ताम्हिणी घाटातून परत निघतात. शरीर तेच, थकवा तोच आणि रात्रीची शेगडीही तीच. पण स्टिअरिंगवर बसण्यापूर्वी हे प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

यावर सगळ्यांत सोपा मार्ग वेळापत्रक उलटे करण्याचा आहे. थंड सकाळी विमानाने यायचे, मग सायकल, तंबूत पहिली रात्र. दुसरा दिवस हलका, धरणाच्या काठाने थोडी भटकंती, दुपारी सावलीत झोप, लवकर जेवण. परतीचे उड्डाण तिसऱ्या दिवशी पहाटे. पहिल्या रात्री राखणीला जागणारा मेंदू दुसऱ्या रात्री बराच सैलावतो. सुटी एका दिवसाने वाढते, आणि बऱ्याच जणांचे बेत तिथेच अडतात. सोमवारी सकाळी ऑफिसला पोहोचायचे असते.