थंडीत सोलरचं पाणी कोमट का येतं? बिघाड असा ओळखा

पाटणसारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावात डिसेंबर उजाडला की सोलर वॉटर हीटरची तक्रार सुरू होते : उन्हाळ्यात हात भाजायचा, आता पाणी कोमटच येतंय. लगेच नव्या ट्यूबवर खर्च करू नका. आधी बिघाड आहे की नुसती थंडी, ते बघा.

थंडीत काय बदलतं?

टाकीत येणारं पाणीच गार असतं. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४.१ युनिट ऊर्जा लागते. तेच पाणी १५ अंशांचं असेल तर ५.२ युनिट.

शिवाय सूर्य खाली उतरलेला असतो. २२ डिसेंबरला पाटणमध्ये भर दुपारीही तो सुमारे ४९ अंशांवरच असतो. त्यामुळे १० फुटी भिंतीची सावली साडेआठ फूट पडते. मे महिन्यात ती जवळपास नसतेच. म्हणून दक्षिणेकडचं झाड किंवा शेजारचा वाढवलेला मजला नेमका हिवाळ्यातच आडवा येतो.

दोन वेळा नळ सोडून बघा

एक दिवस गरम पाणी वापरू नका. संध्याकाळी ५ ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला नळ सोडा. पाइपातलं गार पाणी जाऊ द्या, मग तपासा.

१. संध्याकाळीच कोमट : पाणी तापतच नाही. सावली, काचेवरची धूळ, आत साचलेला क्षार तपासा. ट्यूबच्या खालच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली. तेवढीच ट्यूब बदला.

२. संध्याकाळी कडक, सकाळी कोमट : टाकीचं इन्सुलेशन खराब झालंय किंवा गार पाणी मिसळतंय.

३. दोन्ही वेळा कडक, पण यायला उशीर : पाइप लांब आणि उघडा आहे. त्यावर इन्सुलेशन चढवा.

गार पाणी मिसळतंय का?

सोलरच्या टाकीत गार पाणी आणणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ सोडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर एखाद्या मिक्सर नळातून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. तपासून झाल्यावर व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

एक सावधगिरी : उन्हात तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडू नका, काच तडकते. टाकी रिकामी झाली असेल तर पहाटे, ऊन यायच्या आत भरा.