डोळा तक्रार करत नाही

घरातल्या सत्तरीच्या माणसाला ‘नीट दिसतं ना?’ असे विचारले, की बहुतेक वेळा ‘दिसतं की’ असेच उत्तर येते. हे उत्तर प्रामाणिक असते, तरी त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. उतारवयातले दृष्टीतले बदल बहुधा इतक्या सावकाश होतात आणि मेंदू ते इतके बेमालूम सांभाळून घेतो, की ज्याची नजर कमी होत असते त्यालाच ते सगळ्यांत उशिरा कळते. कळले तरी ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून विषय संपतो. या एका वाक्यात निरुपद्रवी बदल, शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होणारे बदल आणि एकदा गेलेली नजर परत न देणारे आजार असे सगळेच गडप होतात. माझे म्हणणे असे आहे, की वयस्क माणसाची दृष्टी त्याच्या तक्रारीवरून जोखण्याची आपली रीतच चुकीची आहे. ती त्याच्या वागण्यातल्या बदलांवरून ओळखायला हवी, एकेक डोळा झाकून पाहायला हवी आणि तक्रार नसतानाही ठरावीक काळाने तपासून घ्यायला हवी.

मेंदू उणीव कशी झाकतो, याचा अनुभव कोणालाही घरबसल्या घेता येतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर मुगाएवढा ठळक ठिपका द्यावा. डावा डोळा तळहाताने झाकून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहावे आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणावा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. त्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून प्रत्येक डोळ्यात जन्मापासून ही आंधळी जागा असते. एदम मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ती शोधून काढली. एरवी आयुष्यभर ती आपल्याला जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचे दृश्य तिथे पसरवतो आणि एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा पुरवतो. आजाराने पडद्यावर किंवा नसेत नव्या आंधळ्या जागा तयार झाल्या, तर त्याही याच रीतीने झाकल्या जातात. ज्या उणिवेची जाणीवच होत नाही, तिची तक्रार माणूस कशी करणार?

काचबिंदू हे याचे सर्वांत गंभीर उदाहरण. दृष्टीच्या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. डोळ्यातला दाब त्या नसेला सोसेनासा झाला की ते हळूहळू मरू लागतात. काहींच्या नसेला तर मोजमापात सर्वसाधारण ठरणारा दाबही सोसत नाही. नजरेचा घेर बहुधा कडेकडेने कमी होत जातो आणि मधली नजर खूप उशिरापर्यंत शाबूत राहते. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतो, पण रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी त्याला दिसत नाही. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत झालेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्या दर दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांनी दुर्लक्ष केले असे म्हणता येत नाही, त्यांना जाणवण्यासारखे काही घडलेच नव्हते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून घरात एकाला निदान झाले की बाकीच्यांनी तपासून घेणे हा त्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे. आपल्याकडचे आणखी एक कारण म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले स्टेरॉइडचे थेंब. डोळ्यांची लाली आणि खाज त्यांनी लगेच थांबते, म्हणून माणसे महिनोन्‌महिने ते घालत राहतात आणि काहींच्या डोळ्यातला दाब नकळत चढत जातो. काचबिंदूचा एक प्रकार मात्र मुळीच मुका नाही. त्यात डोळा एकाएकी लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, डोके दुखते आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे हे पित्त समजून घरी औषध दिले जाते आणि मोलाचे तास वाया जातात.

मोतीबिंदूची गोष्ट वेगळी आहे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. ज्या आजारावर इतकी खात्रीची शस्त्रक्रिया आहे, त्यानेच अजून सर्वाधिक लोक अंध व्हावेत, हे मला फार टोचते. धूसर दिसणे हे त्याचे लक्षण सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची सुरुवात काही वेळा नेमकी उलटी होते. वीस-पंचवीस वर्षे चष्म्याशिवाय अक्षर न लागणाऱ्या आजी एक दिवस चष्मा बाजूला ठेवून पोथी वाचू लागतात, आणि घरात कौतुक होते की या वयात नजर सुधारली. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होत चाललेला असतो. त्यामुळे प्रकाश जास्त वाकतो, जवळचे स्पष्ट दिसते आणि दूरचे पुसट होते. ही सुधारणा काही महिने, फार तर दोन-चार वर्षे टिकते. साठीनंतर चष्मा अचानक नकोसा होणे किंवा नंबर वारंवार बदलणे यात म्हणूनच आनंद मानण्यासारखे काही नाही. चाळिशीचा नंबर साठीच्या आसपास बहुतेक स्थिरावतो. त्यानंतरही तो बदलत राहिला तर मोतीबिंदू किंवा वरखाली होणारी साखर यांचा शोध घ्यावा. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आज ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून काढतात. तिथे फार पिकलेले, कडक झालेले भिंग उलट अवघड ठरते, आणि अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढून नसच निकामी होऊ शकते.

काही बदल मात्र कुठल्याही आजाराशिवाय होतात, आणि तेही माणूस शब्दांत सांगत नाही. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला जास्त वेळ लागतो. एकाच छटेच्या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याची क्षमता मंदावते. दवाखान्यातला तक्ता हे पकडत नाही, कारण डच डॉक्टर हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली आणलेल्या या पद्धतीत पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरे असतात आणि जग तसे नसते. जिन्याची शेवटची पायरी आणि खालची फरशी एकाच रंगाची असते, पांढऱ्या कपात दूध असते, रक्तदाबाची आणि साखरेची गोळी दोन्ही पांढऱ्या, गोल असतात. म्हणून डोळ्यांचा खरा अहवाल घरातल्या वागण्यात सापडतो. तांदूळ निवडताना खडे राहू लागणे, चहा कपाबाहेर ओतला जाणे, काळ्या आणि गडद निळ्या कपड्यांची गल्लत, जिना उतरताना पायाने पायरी चाचपणे, संध्याकाळच्या लग्नाला जायचे टाळणे, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात म्हणून रात्री स्कूटर बंद करणे. सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे आवड सुटणे. आयुष्यभर पेपरची पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस ‘आता त्यात काही राम राहिला नाही’ म्हणू लागतो. गल्लीत समोरून येणाऱ्याला ओळख न देणाऱ्याला लोक शिष्ट ठरवतात. अशा वेळी स्वभाव बदलला असे म्हणण्याआधी डोळे तपासावेत.

एक डोळा झाकून पाहण्याचा आग्रह का, हे पडद्याच्या मध्यभागाच्या आजारात विशेष कळते. तिथे मॅक्युला नावाचा, जेमतेम पाच मिलिमीटरचा भाग असतो. वाचन, चेहरा ओळखणे, सुई ओवणे ही बारीक कामे तोच करतो. वयामुळे तो झिजू लागला की सरळ रेषा मध्येच वाकड्या किंवा तुटक दिसतात. एका डोळ्यात हे सुरू झाले तरी दुसरा चांगला असेपर्यंत कळत नाही. स्वित्झर्लंडचे मार्क आम्सलर यांनी यासाठी चौकटींचा साधा तक्ता बनवला आणि तो आजही वापरात आहे. घरात भिंतीवर टांगलेले कॅलेंडर आठवण करून द्यायला चांगले आहे. महिना उलटला की वाचायचा चष्मा लावून, आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने झाकून, मधल्या एका तारखेवर नजर ठेवावी. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का, एखादा चौकोन पुसला गेला आहे का, दोन्ही डोळ्यांना आकडे सारखेच स्पष्ट दिसतात का, हे पाहावे. रेघा नव्याने वाकड्या दिसल्या तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. या आजाराच्या ज्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाणी साचते, त्यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शने आहेत, पण ती वेळेवर मिळाली तरच नजर टिकते. मात्र कॅलेंडरने काचबिंदू कळत नाही आणि सुरुवातीचा मधुमेही पडदाविकारही कळत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांनी दिसण्यात काहीही फरक नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहून घ्यावा.

यावर कोणी म्हणेल, की म्हातारपणाच्या प्रत्येक खुणेला आजार ठरवून माणसांना घाबरवायचे कशाला? आक्षेप रास्त आहे, कारण पुष्कळ बदल खरोखर निरुपद्रवी असतात. चाळिशीनंतर पेपर लांब धरावा लागणे आजार नव्हे. डोळ्यांपुढे तरंगणारे एखाद-दोन ठिपके किंवा तंतू बहुतेकांना पन्नाशी-साठीनंतर दिसतात, आणि महिनोन्‌महिने तसेच असतील तर काळजीचे कारण नसते. पण त्यांची एकदम गर्दी झाली, सोबत कडेला विजेसारखे लखलखाट दिसू लागले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर पडदा फाटला किंवा सुटला असण्याची शक्यता असते. एका डोळ्याची नजर काही मिनिटांसाठी गेली आणि परत आली, तर तो मेंदूच्या झटक्याचा पूर्वइशारा असू शकतो. दोन्हींत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फरक माहीत असला की भीती कमी होते. शार्ल बॉने या स्विस विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत नोंदवलेली अवस्था पाहा. नजर बरीच गेलेल्या त्या शहाण्या माणसाला समोर नसलेली माणसे, पक्षी, इमारती दिसत. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. आपल्याकडे असे दिसणारी वृद्ध माणसे वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली म्हणतील या धास्तीने गप्प राहतात. त्यांना फक्त कारण समजले तरी केवढा जीव भांड्यात पडतो!

दुसरा आक्षेप असा, की दुकानात नंबर काढला, चष्मा मिळाला, मग आणखी कसली तपासणी? चष्म्याचा नंबर फक्त प्रकाश कुठे एकवटतो हे सांगतो. नस कशी आहे, दाब किती आहे, पडद्यावर रक्तस्राव आहे का, हे त्यातून कळत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, मग कळून काय उपयोग, असेही म्हटले जाते. पण थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर राखता येते, आणि किती राखली जाईल हे निदानाच्या दिवसावर ठरते. नजरेचा संबंध डोळ्यांपुरता राहत नाही, हेही आता पुढे आले आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उपचार न झालेल्या दृष्टिदोषाची भर घातली.

खरा अडसर तपासणी कुठे मिळणार हा आहे, आणि त्याचे उत्तर मी वृद्धांच्या माथी मारणार नाही. गावोगावच्या नेत्रशिबिरांनी मोतीबिंदूच्या लाखो शस्त्रक्रिया केल्या, हे मोठे काम आहे. पण बॅटरीच्या उजेडात फक्त मोतीबिंदू शोधून ‘बाकी डोळा ठीक’ असे सांगितले, तर काचबिंदूचा रुग्ण खोटा दिलासा घेऊन घरी जातो. शिबिरात डोळ्याचा दाब मोजणे आणि नस पाहणे नेमाने झाले पाहिजे. आशाताई तिशीपुढच्या माणसांसाठी जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात धूसर दिसते का, वाचायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. ते विचारताना समोरच्याचा एकेक डोळा झाकून दोन्हींतला फरक पाहायला दोन मिनिटे पुरतात. घरात कोणाला काचबिंदू होता का, कुठले थेंब किती दिवसांपासून घालता, हे दोन प्रश्नही त्याच बैठकीत विचारता येतील.