पावती कुणाच्या नावाची?

वैशाखातली दुपार होती. औंढ्याच्या रस्त्यावर एका रसवंतीत बसलो होतो आणि मोबाइल वाजला. मेसेज वाहतूक दंडाचा होता. हेल्मेट नाही, पाचशे रुपये. ठिकाण हिंगोलीपासून चारशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या शहरातला चौक. मी तर समोर उसाचा रस घेऊन बसलेलो आणि माझी मोटारसायकल बाहेर बाभळीच्या सावलीत उभी. नंबर पुन्हा वाचला. एमएच ३८ पुढचे आकडे ओळखीचे वाटले. ही गाडीही माझीच होती, म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत माझी होती. सेनगाव तालुक्यातल्या एका तरुणाला ती विकली, रोख पैसे मोजून घेतले, टीटी फॉर्मवर सह्या केल्या आणि गाडी विसरून गेलो. सरकार मात्र विसरले नव्हते.

त्या एका मेसेजने मला मोटार वाहन कायदा वाचायला लावला. वाचताना सारखा एक जुना माणूस आठवत राहिला. तोही हिंगोलीचाच.

निजामाच्या काळात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा हरिसिंग येतो. गावात तो प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचेही त्याच्याशी व्यवहार झालेले. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून या हरिसिंगाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून परवाना काढला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन निघाला आहे, हे हरिसिंगाला ठाऊक होते. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट मारले, परवाना दाखवत माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडल्यावर स्वतःच कबूल केले म्हणून हे कळले. परवाना खरा, शिक्का खरा, नावही खरे, आणि रस्त्यावर घडले ते भलतेच. जुन्या मोटारसायकलीच्या सौद्याची तुलना खुनाशी करायची नाही. पण रस्त्यावरचा माणूस आणि कागदावरचे नाव यांच्यात पडणारी फट या जिल्ह्याला नवी नाही, एवढे मात्र खरे.

आता आजच्या कागदाकडे येऊ. आपल्याकडे म्हणतात ‘पावती फाडली’. शब्द मोठा फसवा आहे. पावती पैसे दिल्यावर मिळते, आणि हातात पडते किंवा मोबाइलवर येते ते असते चलान. चलान म्हणजे निकाल नव्हे, आरोप. अमुक वाहनाने अमुक ठिकाणी अमुक कलम मोडले, असे एका अधिकाऱ्याचे म्हणणे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये ठरावीक गुन्ह्यांत तडजोडीची सोय आहे. आपण भरतो ते त्या कलमाखालचे तडजोड शुल्क. ते भरले की प्रकरण तिथेच मिटते आणि ‘मी नव्हतो हो’ म्हणायची जागाही मिटते. म्हणून ‘आधी भरून टाकू, मग तक्रार करू’ हा आपला लाडका मार्ग उलटा आहे. तक्रार असेल तर ती भरण्याआधी.

रक्कम आली कुठून, हेही पाहिले पाहिजे. संसदेने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर दंड भडकले. महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी नितीन गडकरींना पत्र लिहून फेरविचार करायला सांगितले आणि राज्याने अंमल रोखला. शेवटी डिसेंबर २०२१ पासून इथे नवे दर आले, काही ठिकाणी केंद्रापेक्षा सौम्य. हेल्मेटला केंद्राच्या कायद्यात एक हजार, आपल्याकडे तडजोड पाचशेत. सीटबेल्टला तिथे एक हजार, इथे दोनशे. लायसन नसताना गाडी चालवली तर पाच हजार, विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार. हेल्मेटच्या कलमात, म्हणजे १९४ड मध्ये, तीन महिने लायसन अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. पाचशे रुपयांच्या घाईत ही ओळ कुणी वाचत नाही.

मालवाहू गाड्यांचे गणित वेगळेच आहे. वसमतची हळद घेऊन निघालेला ट्रक मर्यादेपेक्षा जड भरला असेल, तर कलम १९४ नुसार वीस हजार आणि वर जादा वजनाच्या प्रत्येक टनाला दोन हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायचीही नाही. मात्र वजन नजरेने ठरत नसते. कलम ११४ मध्ये गाडी काट्यावर नेण्याची पद्धत दिली आहे आणि काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असावा, असे अंतरही घातले आहे. परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली तर काट्याची चिठ्ठी मागणे हा उद्धटपणा होत नाही.

मग कॅमेऱ्याने किंवा फोटोने केलेले चलान. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आणला. त्यातली भाषा रूक्ष आहे, पण नागरिकाच्या कामाची. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, तेही दरवर्षी नवे. कॅमेऱ्याची नजर आहे तिथे तसा फलक हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो हवा, तारीख-वेळ-ठिकाण हवे, यंत्राने मोजलेला आकडा हवा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. घटनेपासून पंधरा दिवसांत सूचना धाडायला हवी. यंत्र कशाला म्हणायचे, याचीही यादी नियमात आहे: स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा, गाडीतला कॅमेरा वगैरे. हवालदाराचा स्वतःचा मोबाइल तिथे नावाने सापडत नाही. याच मुद्द्यावरून वाहतूकदारांनी आवाज उठवला आणि जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने कर्मचाऱ्यांना खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करायला मनाई केली. परिपत्रक निघाले म्हणून सवय सुटते असे नाही, पण हाती धरायला एक कागद मिळाला.

माझ्या चलानाचा फोटो मी ‘महाट्रॅफिकअॅप’वर उघडला. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचा मोह आवरला, कारण आरटीओच्या नावाने खोटी चलाने पाठवून मोबाइलमध्ये फाइल उतरवायला लावणारे भामटे हल्ली फार झालेत. पोलिसांचे किंवा परिवहनचे खरे संकेतस्थळ ‘जीओव्ही डॉट इन’वर संपते आणि ते कुणाला व्हॉट्सअॅपवर अॅपची फाइल धाडत नाही. फोटो स्वच्छ होता. गाडी तीच. सीटवरचे तपकिरी कव्हर तर मी हिंगोलीत शिवून घेतलेले. स्वार मात्र दुसरा, डोके उघडे, मागे पिशवी बांधलेली.

आता दोष कुणाचा? नैतिक उत्तर सोपे आहे, कायद्याचे तितके नाही. गाडी विकली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. हे कलम ५०. नमुना २९ आणि नमुना ३० म्हणतात ते हेच. आपण या दोन्हींना मिळून ‘टीटी’ म्हणतो, त्यावर कोऱ्या सह्या करतो आणि घेणारा ते कागद डिक्कीत टाकून देतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगून टाकले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. तिथे कार मूळ मालकाने विकल्यावर अनेक हातांतून फिरली होती, मग अपघात झाला, आणि भरपाई शेवटी नोंदणीतल्या पहिल्या मालकावरच आली. हेल्मेटच्या पाचशे रुपयांवर मी चडफडत होतो. त्याच गाडीखाली माणूस आला असता तर भरपाईपोटी माझे शेत विकायची वेळ आली असती.

तरीही हेल्मेटचा गुन्हा मालकीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता ते सांगणे हे मालकाचे कर्तव्य, आणि माझ्यासारख्याचा बचावही त्यातच. अॅपवर तक्रारीची सोय आहे. तिथे विक्रीचा कागद, चालकाचे नाव, आणि नंबरच खोटा वापरला असेल तर आपल्या खऱ्या गाडीचा फोटो जोडायचा. मी अर्ज भरायला बसलो आणि अडलो. विक्रीचा कागद होताच कुठे? रसवंतीवाला मला म्हणाला, “सर, इथं प्रत्येक घरी असलं एक चलान हाय. गाडी इकडं, पोरगं तिकडं.” त्याचे खरे आहे. या जिल्ह्यातली पोरे पुण्याच्या कारखान्यांत आहेत आणि घरची गाडी बापाच्या नावावर घेऊन गेली आहेत. लायसन पोराचे, आरसी बापाची, मोबाइल नंबर कुणाचा तरी तिसऱ्याचाच.

तक्रार फेटाळली गेली तर? तर न्यायालय. ही वाट कुणी सांगत नाही, आणि त्याला कारणही आहे. पाचशेच्या चलानासाठी वकिलाची फी, दोन तारखा, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, परक्या शहराचे एसटीभाडे. निर्दोष असणे हिंगोलीच्या माणसाला दोषी असण्यापेक्षा महाग पडते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. आभासी न्यायालयात मोबाइलवरून दंड भरता येतो किंवा लढायचे आहे असे कळवता येते. भरणे तिथे खरोखर सोपे आहे. लढायचे म्हटले की प्रकरण प्रत्यक्षातल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते आणि पुन्हा एसटी पकडावी लागते.

न्यायालयात पहिला प्रश्न असतो, गुन्हा कबूल आहे का? नाही म्हटले की सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र सोबत नसेल तर मोबाइलवरच्या फोटोला वकील पहिल्याच फटक्यात हात घालतो. दुसरे हत्यार मुदतीचे. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हेल्मेटच्या चलानांचा ढीग अचानक दाखवला जातो तेव्हा हे कलम आठवावे. अर्थात उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि चलान जुने झाले म्हणून संगणकातून आपोआप पुसले जात नाही. गाडी नावावर करताना किंवा टेम्पोच्या पासिंगला ते आडवे येतेच.

लोकअदालतीबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘तिथं जाऊन साहेबाला सांगतो, मी नव्हतो म्हणून’ असे लोक निघतात. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दंड मान्य आहे पण सवलत किंवा एकदाचा निकाल हवा, तर जरूर जावे. दंडच मान्य नसेल तर ती जागा चुकीची. फुकट सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार आहे, आणि १५१०० हा क्रमांक.

आतापर्यंत बोललो ते किरकोळ. दारूचे प्रकरण निराळे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर कलम १८५: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे रस्त्यावर मिटत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते. अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावे लागते, असे कलम २०२ म्हणते. बेदरकारपणे चालवून जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. आणि दहावीतल्या पोराच्या हाती बुलेट देणाऱ्या बापांसाठी कलम १९९अ: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. वाढदिवसाला गाडी भेट देताना कोणी हे कलम पेढ्यांसोबत वाटत नाही.

रस्त्यावर अडवले तर गणवेशातल्या पोलिसाला लायसन दाखवायचे, तेवढा त्याचा हक्क आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात. लायसन जप्त केले तर पोच मागायची, ती पोच असेतो गाडी चालवता येते. चावी हिसकावून घेण्याचे कलम मला या कायद्यात सापडले नाही. आणि नियम राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट, हे कलम २१०ब. ते वाचून मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करतो.

इतके सगळे वाचून झाल्यावर त्या तरुणाचा नंबर शोधला आणि फोन लावला. कंपनीत दुसऱ्या पाळीला निघाला होता. मी कलम १३३ पासून सुरुवात करणार तेवढ्यात तोच म्हणाला, “सर, तुमी नका भरू. म्या भरतो, माझंच हाय ते.” दहा मिनिटांत भरल्याचा फोटो आला.

“आणि गाडी नावावर?” मी विचारले.

“पोळ्याला गावाकडं येतो की. फॉर्म डिक्कीतच हायेत.”

पोळा होऊन गेला.