खाडीच्या माशाला खाडीचंच पाणी



शोभेचे मासे पाळणं ही आता फक्त शहरातली हौस राहिलेली नाही. कोकणात काही बचत गट शोभेच्या माशांचा व्यवसाय करतात. कुणाकडे मुलांच्या हट्टापायी काचेची टाकी येते. अशा टाकीत कधी कधी एक गमतीदार मासा दिसतो. हिरवट-पिवळी पाठ, त्यावर काळे ठिपके, खाली पांढरं पोट आणि गरगर फिरणारे डोळे. घाबरला की पाणी ओढून चेंडूसारखा फुगतो. दुकानात त्याला पफर म्हणतात. किनाऱ्यावरच्या बायका त्याला बघताच ओळखतील, हा आपल्या केंड माशाच्या गोतावळ्यातला.

घरी आणल्यावर काही दिवस तो छान राहतो. मग हळूहळू पोट काळपट पडतं, खाणं सुटतं आणि एका सकाळी तो तळाशी पडलेला दिसतो. लोक म्हणतात, नाजूक मासा होता. खरं तर तो नाजूक नाही. नीट सांभाळला तर दहा वर्षं जगू शकतो. बऱ्याचदा चुकलेलं असतं ते त्याचं पाणी.

हा ठिपक्यांचा हिरवा पफर श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंतच्या खाड्यांमध्ये, नदीच्या मुखाशी आणि खारफुटीत राहतो. तिथलं पाणी निमखारं, म्हणजे नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं यांचं मिश्रण. याची पिल्लं गोड्या पाण्यातही तग धरतात, म्हणून दुकानात ती गोड्या पाण्यात ठेवलेली दिसतात. पण वय वाढतं तशी त्याला खाऱ्या पाण्याची गरज वाढते. गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, आतून खंगत जातो. म्हणूनच चूक कुठे झाली ते कळत नाही.

मग मीठ किती घालायचं? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लहान पफरला लिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास पुरतात. म्हणजे २० लिटरच्या बादलीला २०० ग्रॅम. मासा मोठा झाला की हळूहळू वाढवत निम्म्या समुद्राइतकं किंवा त्याहून थोडं जास्त खारं करायचं. एकदम नाही, आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं. पाणी किती खारं झालं ते हायड्रोमीटर नावाच्या साध्या साधनाने मोजता येतं. लहान माशासाठी त्यावर १.००५ ते १.००८ असा आकडा दिसायला हवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, खडे मीठही नाही. मत्स्यालयाच्या दुकानात समुद्री क्षारांचं मिश्रण मिळतं, तेच घ्यायचं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे समुद्रातले इतर क्षारही असतात. ते वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी काढून टाकायला हवं. त्यासाठी दुकानात थेंब मिळतात.

मिठागर पाहिलेल्या बायकांना पुढची गोष्ट पटकन कळेल. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. टाकीतही तसंच होतं. पाण्याची पातळी नुसती उतरली असेल तर भर गोड्या पाण्याची घाला. घाण पाणी काढून बदलताना मात्र तितकंच खारं पाणी घाला.

हा मासा खादाड आहे आणि घाणही भरपूर करतो. एका माशाला निदान सव्वाशे लिटरची टाकी आणि चांगला फिल्टर हवा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो त्याला विषासारखा. फिल्टरमध्ये वाढणारे उपयोगी जिवाणू हा अमोनिया संपवतात. पण ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आधी चालू करायची, चिमूटभर खाद्य टाकत राहायचं आणि तपासणीत अमोनिया शून्य आल्यावरच मासा आणायचा. पुढे दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, म्हणजे ते जिवाणू टिकतील.

आता खाणं. याच्या तोंडात चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात आणि ते आयुष्यभर वाढतात. कठीण कवच फोडूनच ते झिजतात. नुसतं मऊ खायला दिलं तर दात वाढून तोंड उघडत नाही आणि मासा अन्न समोर असून उपाशी राहतो. म्हणून छोट्या गोगलगायी, शिंपल्यासकट तिसऱ्या, कुर्लीचे पाय, सालासकट कोळंबी असं आलटून पालटून द्या. लहान पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला एक दिवसाआड. उरलेलं लगेच काढून टाका.

त्याला एकटंच ठेवा, कारण तो दुसऱ्या माशांचे पर आणि शेपट्या कुरतडतो. मुलांना सांगा, फुगलेला बघायचा म्हणून त्याला डिवचायचं नाही. तो भीतीने फुगतो. हलवताना जाळ्याने उचलू नका, पाण्याखालीच भांड्यात घ्या. हवेत फुगला तर पोटात हवा अडकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या माशाच्या अंगात विष असू शकतं. शिजवून, तळून किंवा सुकवून ते जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. मेला तर कोंबड्या-मांजरांपुढे टाकू नका, खोल पुरा. नकोसा झाला म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा खाडीत सोडूही नका.

सगळे पफर असे खाऱ्याचे नसतात. केरळच्या नद्यांतला वाटाण्याएवढा पिवळसर पफर जन्मभर गोड्या पाण्यातच राहतो, त्याच्या टाकीत मीठ घालायचं नाही. म्हणून घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: हा नेमका कोणता पफर, आणि मोठेपणी याला कसलं पाणी लागतं? उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका. तुमचा गट मासे विकत असेल तर हीच माहिती तुम्ही गिऱ्हाइकाला न विचारता द्या. पफर घेऊन गेलेली ताई वर्षभराने 'मासा मजेत आहे' असं सांगत आली, तर पुढचं गिऱ्हाईक तीच घेऊन येईल.

तर मैत्रिणींनो, मासा आणण्याआधी पाणी तयार करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!