साम्रद ते संगमनेर: साडेचार तासांचा हिशेब

रतनगडाच्या पायथ्याच्या साम्रदहून निघालं की भंडारदरा, राजूर, अकोले करत संगमनेर गाठायला पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडतात. श्रावणातलं धुकं धरलं तरी गाडी अडीच-तीन तासांत पोचते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे कागदावर हिशेब बसतो. तरीही अकोले तालुक्यासारख्या डोंगरी भागात पक्षाघाताचा रोगी त्या मुदतीत क्वचितच पोचतो. वेळ जातो कुठे?

पहिला मोठा वाटा घरातच जातो. हृदयविकारात छाती दुखते, माणूस घाबरतो, घरचे धावतात. पक्षाघात बहुधा दुखत नाही. तोंड एका बाजूला ओढलं जातं, हातातली भाकर गळते, जीभ जड होते, चालताना तोल जातो, आणि ‘अंगावरून वारं गेलंय, पडू द्या जरा’ असं म्हणून घरचे पांघरूण घालतात. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. रात्री नऊला सुरू झालेला त्रास ‘सकाळी बघू’वर टाकला की इंजेक्शनची वेळ अंधारातच संपते. डॉक्टर म्हणूनच पहिला प्रश्न विचारतात: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं? झोपेत झटका आला असेल तर घड्याळ झोपायला गेल्यापासून धरतात. ही एक वेळ सोबत येणाऱ्याने कागदावर लिहून आणली तरी तपासणाऱ्याचं मोठं काम होतं.

दुसरा वाटा उपचार म्हणून केलेल्या गोष्टींत जातो. कबुतराचं रक्त चोळणारे अजून भेटतात, आणि त्यांची कीर्ती अगदीच हवेतली नसते. चेहऱ्याची नस सुजून नुसतं तोंड वाकडं होण्याचा एक वेगळा आजार आहे. त्यात हात-पाय शाबूत राहतात, त्या बाजूच्या कपाळाला आठी घालता येत नाही, आणि बहुतेकजण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. काही वेळा गुठळी स्वतःच सरकते आणि लुळा पडलेला हात अर्ध्या तासात हलू लागतो. दोन्हीकडे श्रेय जातं रक्त चोळणाऱ्याला. यातली दुसरी घटना खरी धोक्याची, कारण मोठा झटका येण्याची भीती पुढच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असते. हात ‘बरा झाला’ म्हणून परत फिरणं हा मला या सगळ्यातला सर्वांत महाग पडणारा समज वाटतो.

तिसरा वाटा थांब्यांचा. बहुतेक पक्षाघात गुठळीचे असतात, उरलेले रक्तवाहिनी फुटल्याचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळीवरचं औषध फुटलेल्या वाहिनीत दिलं तर जीव जाईल. म्हणून सीटी स्कॅनशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि घरी ॲस्पिरिन देऊही नये. राजूर किंवा अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्तातली साखर तपासणं अत्यंत मोलाचं, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा पडतो. मात्र सलाईन लावून ‘बघूया’ म्हणण्यात तास घालवू नये. जवळचा दवाखाना गाठण्यापेक्षा सीटी चालू असलेला जवळचा दवाखाना गाठणं महत्त्वाचं. संगमनेर, लोणी की नाशिक, हे निघण्याआधी फोनवर ठरावं. १०८ची गाडी २०१४ पासून राज्यभर आहे. ती यायला वेळ लागणार असेल तर गावातली जीप काढावी. वाटेत चहा-पाणी पाजू नये, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. सीटी ‘नॉर्मल’ आलं म्हणून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, पण गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांचं सीटी बरेचदा स्वच्छच दिसतं. त्या वेळी ‘नॉर्मल’चा अर्थ इतकाच की रक्तस्राव नाही, इंजेक्शनचा विचार करता येईल.

हे इंजेक्शन १९९५ च्या अमेरिकी चाचणीतून पुढे आलं, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचारवर नेली. जोखीम आहेच: त्या पहिल्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरी तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांतच स्पष्टपणे जास्त होतं. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये एकामागून एक चाचण्यांनी या प्रक्रियेचा फायदा दाखवला आणि २०१८ पासून निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत करतात. ही सोय मोठ्या शहरांतच. वाहिनी फुटली असेल तर रक्तदाब आवरणं हा मुख्य उपचार, शस्त्रक्रिया थोड्यांना.

वेळेत न पोचलेल्यांसाठीही बरंच करण्यासारखं असतं, हे मात्र कमी सांगितलं जातं. गिळणं तपासून मगच खायला देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, लवकर बसवणं, व्यायाम: या साध्या शुश्रूषेने जीव वाचतात. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. नेमके तेच दिवस घरी खाटेवर जातात, कारण फिजिओथेरपीसाठी रोज तालुक्याला नेणार कोण?

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतले मृत्यू नोंदवले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे होते, म्हणजे शंभरात चौदा. इतके मृत्यू दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने झाले नाहीत, आणि यातले बहुतेक जण घरीच गेले. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार हा समज त्या आकड्यांनी मोडला. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर गडचिरोलीहून वेगळे, तरी तिथला धडा इथे लागू न पडण्याचं कारण मला दिसत नाही. मिश्री इथेही आहे, खारवलेलं सुकट इथेही आहे, आणि न मोजलेला रक्तदाबही.

म्हणून गुठळी ओढणाऱ्या नळीपेक्षा मला उपकेंद्रातल्या रक्तदाबाच्या गोळीचं जास्त अप्रूप आहे. वरचा रक्तदाब दहा अंकांनी उतरवला तर पक्षाघाताची शक्यता चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्तच घटते. गोळी स्वस्त आहे, पण काहीच दुखत नसताना ती रोज घ्यायची असते. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून लोक ती सोडतात. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं, हे समजावून सांगायला आशाताईला प्रत्येक घरी दहा मिनिटं हवीत. आणि भाताच्या लावणीत गोळ्या संपल्या, तर पुढचं पाकीट घरपोच यायला हवं.